नोंद, ओळख आणि मोजणी : अंबत्तूरच्या लघुउद्योगांच्या आधारे डेटाबेसची मूलतत्त्वे

चेन्नई सेंट्रलहून अरक्कोणमच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावर अंबत्तूर हे उपनगर लागते. १९४९ मध्ये येथे टीआय सायकल्सचा कारखाना उभा राहिला आणि १९६४ पासून तत्कालीन मद्रास राज्याच्या शासनाने लघुउद्योगांची वसाहत येथे विकसित केली. एक हजार एकरांहून अधिक क्षेत्रावर पसरलेल्या या वसाहतीची गणना आज देशातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये होते. लेथ, मिलिंग, डाय, रबराचे आणि पत्र्याचे सुटे भाग अशी कामे करणाऱ्या शेकडो शेड येथे दाटीवाटीने उभ्या आहेत. त्यांपैकी अनेकांचा माल पाडी आणि परिसरातील वाहन-उद्योगाकडे जातो.

या वसाहतीविषयी एक साधा प्रश्न विचारावा : येथे उद्योग किती आहेत? प्रश्न साधा असला तरी उत्तर एक मिळत नाही. भूखंडवाटपाच्या नोंदवहीत एक आकडा असेल, वीजजोडण्यांच्या यादीत दुसरा, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत तिसरा आणि उद्यम नोंदणीत चौथा. यांतील कोणतीही नोंदवही खोटी असण्याचे कारण नाही. प्रत्येक कार्यालय वेगळी गोष्ट मोजते, एवढाच याचा अर्थ. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार विजेचा वापर करणाऱ्या आस्थापनेत १० कामगार असले की ती ‘कारखाना’ ठरत असे. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २० वर नेली. म्हणजे एकही शेड बंद न पडता कारखान्यांची संख्या कमी होऊ शकते. विदेचे व्यवस्थापन हा विषय केवळ संगणक अभियंत्यांचा नसून अर्थशास्त्राच्या आणि प्रशासनाच्या विद्यार्थ्याचाही का आहे, हे या एका उदाहरणावरून लक्षात यावे.

फाइलींपासून सारण्यांपर्यंत

संगणकाच्या प्रारंभीच्या काळात प्रत्येक कामासाठी स्वतंत्र फाइल ठेवली जाई. वेतनाची एक, साठ्याची दुसरी, देयकांची तिसरी. तोच पत्ता तीन ठिकाणी लिहिला जाई आणि बदल मात्र एकाच ठिकाणी होई. या दोषाला विदेची पुनरुक्ती आणि तिच्यातून उद्भवणारी विसंगती असे म्हणतात. शिवाय फाइलीची रचना बदलली की ती वाचणाऱ्या सर्व आज्ञावल्या बदलाव्या लागत. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही सामायिक साठ्याची व्यवस्था उभी केली. तथापि त्या व्यवस्थेत एका नोंदीपासून दुसऱ्या नोंदीकडे जाण्याची वाट आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावी लागे.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने ही वाटच अनावश्यक ठरविली. सर्व विदा सारण्यांत ठेवावी, सारणीतील प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक गुणधर्म असावा, आणि दोन सारण्यांमधील नाते त्यांतील समान मूल्यांवरून प्रस्थापित व्हावे, असा त्यांचा विचार होता. ओळींचा क्रम आणि चकतीवरील जागा यांना तर्कशुद्ध रचनेत स्थान नाही. यालाच ‘रिलेशनल’ म्हणजे संबंधाधिष्ठित प्रतिमान म्हणतात. पुढे १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी त्यासाठी प्रश्नभाषा मांडली. तिचेच रूप आज ‘एसक्यूएल’ या नावाने सर्वत्र वापरले जाते. काय हवे ते तिच्यात सांगावयाचे असते. ते कसे शोधावयाचे हे यंत्रणा ठरविते. कॉड यांना १९८१ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना सात हा भूमापन क्रमांकानुसार लावलेला असतो. त्यात त्या जमिनीचे धारक कोण हे दिसते. गाव नमुना आठ-अ तीच माहिती खातेदारानुसार दाखवितो. दोन्ही नमुने कागदावर ठेवताना दोनदा लिहावे लागत आणि म्हणून त्यांत तफावत पडे. संगणकीय व्यवस्थेत मूळ सारणी एकच पुरते. आठ-अ हे तिच्यावरून तयार होणारे ‘दृश्य’ ठरते, म्हणजे स्वतंत्र साठा न करता मागणीनुसार मांडलेले रूप. गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही, हिचे महत्त्व याहूनही अधिक आहे. तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

ओळख कशाची आणि कशाने

प्रत्येक सारणीत असा एक स्तंभ किंवा स्तंभांचा गट हवा, ज्याचे मूल्य दोन ओळींत सारखे नसेल आणि कधीही रिक्त नसेल. यास प्राथमिक कळ किंवा ‘प्रायमरी की’ म्हणतात. दुसऱ्या सारणीत हेच मूल्य संदर्भ म्हणून आले की ती ‘फॉरिन की’ होते. जी कळ मूळ सारणीत नाही तिचा संदर्भ दुसरीकडे येऊ न देणे, यास संदर्भ-अखंडता म्हणतात. व्याख्या पाठ करणे सोपे आहे. अडचण असते ती कळ निवडण्यात.

नाव ही कळ होऊ शकत नाही. अंबत्तूर हे गावाचे नावसुद्धा रोमन लिपीतील कागदपत्रांत दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळते. मग ‘श्री मुरुगन इंजिनिअरिंग’ अशा धाटणीच्या नावांविषयी काय बोलावे? पत्ताही कळ होऊ शकत नाही, कारण एका शेडमध्ये दोन उद्योग आणि एका उद्योगाच्या तीन शेड असू शकतात. येथे आधी ठरवावे लागते की मोजावयाची वस्तू, म्हणजे ‘एंटिटी’, कोणती : शेड, उत्पादन-घटक की उद्योग? १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या उद्यम नोंदणीने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. एका उद्योगास एकच उद्यम नोंदणी. एकाच पॅनखाली जितके जीएसटी क्रमांक असतील ते सर्व घटक मिळून एक उद्योग. त्यामुळे एकाच मालकाच्या दोन रस्त्यांवरील दोन शेड वीजमंडळाच्या दृष्टीने दोन, तर उद्यमच्या दृष्टीने एक. उद्योग आणि घटक यांच्या दोन सारण्या करून घटकाच्या सारणीत उद्योगाची कळ ठेवली की दोन्ही मोजण्या एकाच साठ्यातून मिळतात. एकास अनेक हे नाते म्हणतात ते हेच.

कळीमध्ये अर्थ असावा की नसावा, हा दुसरा प्रश्न. जीएसटी क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७, तमिळनाडूसाठी ३३), पुढील दहा पॅनचे आणि शेवटचे चिन्ह पडताळणीचे. अशा अर्थपूर्ण कळीचा फायदा उघड आहे; क्रमांक पाहूनच राज्य कळते. तोटा मात्र काळाच्या ओघात दिसतो, आणि तो समजण्यासाठी अंबत्तूरइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

वसाहत स्थापन झाली तेव्हा अंबत्तूर चेंगलपट्टू जिल्ह्यात होते. १९९७ मध्ये त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन ते तिरुवल्लूर जिल्ह्यात गेले. २०११ च्या जनगणनेत ते तिरुवल्लूर जिल्ह्यातील सुमारे ४ लाख ६६ हजार लोकसंख्येची नगरपालिका म्हणून मोजले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही नगरपालिका चेन्नई महानगरपालिकेत विलीन होऊन तिचा सातवा विभाग झाला. महापालिका चेन्नईची आणि जिल्हा मात्र तिरुवल्लूर, अशी स्थिती काही वर्षे राहिली. २०१८ मध्ये चेन्नई जिल्ह्याच्या सीमा महापालिकेच्या सीमांपर्यंत वाढविण्यात आल्या तेव्हा अंबत्तूर तालुका चेन्नई जिल्ह्यात आला. एकही यंत्र न हलविता उद्योगांनी तीन जिल्हे पाहिले.

आता २०१६ मध्ये तिरुवल्लूर जिल्ह्याखाली उद्योग आधार नोंदणी घेतलेल्या एखाद्या घटकाचा विचार करावा. उद्योग आधार क्रमांकात राज्याची अक्षरे आणि जिल्ह्याचे अंक गुंफलेले असत. दोन वर्षांनी जिल्हा बदलला. क्रमांक बदलावा तर बँकेकडे आणि खरेदीदाराकडे दिलेली ओळख तुटते, न बदलावा तर क्रमांक खोटे बोलू लागतो. उद्यम क्रमांकातही राज्य आणि जिल्हा आहेतच. याउलट आधारच्या रचनाकारांनी १२ अंकी क्रमांकात गाव, जात, जन्मवर्ष यांपैकी काहीही ठेवले नाही. अकरा अंक आणि पडताळणीचा एक, एवढेच. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिला आधार क्रमांक दिला गेला. ती व्यक्ती पुढे कोणत्याही जिल्ह्यात राहावयास गेली तरी क्रमांकास बाधा येत नाही. कळ निरर्थक असणे हा येथे गुण ठरतो. जिल्हा हा गुणधर्म असून ओळख नव्हे, आणि तो ‘कधीपासून’ व ‘कधीपर्यंत’ या दोन तारखांसह स्वतंत्र सारणीत ठेवावयास हवा.

पिन कोडमुळे गुंता आणखी वाढतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेली ही सहा अंकी पद्धती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने रचली. तिचा हेतू टपालाची वर्गवारी हा होता. जिल्ह्यांच्या सीमा दाखविणे हा नव्हे. अंबत्तूरचा ६०००५३ आणि औद्योगिक वसाहतीचा ६०००५८ हे दोन्ही पिन ६०० या चेन्नईच्या अंकांनी सुरू होतात, आणि तालुका तिरुवल्लूरमध्ये असतानाही ते तसेच होते. त्या काळातील एखाद्या यादीवरून पिनच्या आधारे चेन्नईचे उद्योग मोजले तर एक संख्या आणि जिल्ह्याच्या स्तंभावरून मोजले तर दुसरी मिळेल. जिल्हावार आकडेवारीची तुलना करणाऱ्या संशोधकाने हा धोका ओळखला नाही तर चेन्नईत अचानक औद्योगिक भरभराट आणि तिरुवल्लूरमध्ये मंदी आली, असा निष्कर्षही निघू शकेल.

सामान्यीकरण : एक गोष्ट एकाच जागी

परीक्षेत हमखास विचारला जाणारा आणि बहुधा घोकंपट्टीने लिहिला जाणारा भाग म्हणजे ‘नॉर्मलायझेशन’ किंवा सामान्यीकरण. त्याचे सूत्र असे की, प्रत्येक स्तंभ कशावर अवलंबून आहे हे पाहावे आणि ज्यावर तो अवलंबून आहे त्याच्याच सारणीत त्याला ठेवावे.

एका मोठ्या सारणीची कल्पना करावी. उद्योग क्रमांक, मालकाचे नाव, दूरध्वनी, जिल्हा, जिल्हा उद्योग केंद्राचा पत्ता, गुंतवणूक, उलाढाल, वर्ग आणि ज्या कंपन्यांना माल दिला त्यांची नावे. दूरध्वनीच्या चौकटीत स्वल्पविराम देऊन तीन क्रमांक कोंबलेले असतील तर पहिलेच सामान्य रूप मोडते, कारण एका चौकटीत एकच मूल्य असावयास हवे. समजा प्रत्येक पुरवठ्यासाठी एक ओळ केली आणि उद्योग व खरेदीदार या दोहोंची मिळून कळ ठरविली. पण खरेदीदाराचा पत्ता केवळ खरेदीदारावर अवलंबून आहे, पूर्ण कळीवर नाही. हा दुसऱ्या रूपाचा भंग. जिल्हा उद्योग केंद्राचा पत्ता उद्योगावर थेट अवलंबून नसून जिल्ह्याच्या मार्फत आहे. हा तिसऱ्या रूपाचा भंग. परिणाम असा की केंद्र नव्या इमारतीत गेले तर हजारो ओळी दुरुस्त कराव्या लागतात, नव्या जिल्ह्याचे केंद्र तेथील पहिला उद्योग नोंदला जाईपर्यंत लिहिताच येत नाही, आणि एखाद्या जिल्ह्यातील एकमेव उद्योग पुसला की केंद्राचा पत्ताही नाहीसा होतो. दुरुस्ती, भरणा आणि वगळणी यांच्या या तीन विकृती होत.

यापेक्षा बोधप्रद आहे तो ‘वर्ग’ हा स्तंभ. सूक्ष्म, लघु, मध्यम हा वर्ग गुंतवणूक आणि उलाढाल यांवरून काढला जातो. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म उद्योगासाठी यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीची मर्यादा १ कोटी आणि उलाढालीची ५ कोटी रुपये होती. लघु उद्योगासाठी १० आणि ५० कोटी, मध्यम उद्योगासाठी ५० आणि २५० कोटी. १ एप्रिल २०२५ पासून या मर्यादा अनुक्रमे २.५ व १०, २५ व १००, आणि १२५ व ५०० कोटी झाल्या. म्हणजे ७ कोटींची उलाढाल आणि दीड कोटीची यंत्रे असलेला अंबत्तूरचा घटक ३१ मार्च २०२५ रोजी लघु होता आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्म झाला. ‘लघु’ हा शब्दच सारणीत कोरून ठेवणाऱ्या यंत्रणेला प्रत्येक ओळ पुन्हा तपासावी लागेल. मर्यादांची स्वतंत्र सारणी त्यांच्या अंमलाच्या तारखांसह ठेवली तर तीन ओळींची भर पुरते आणि वर्ग त्या त्या वेळी काढता येतो. काढता येणारे मूल्य साठवू नये, हा नियम म्हणूनच दिलेला असतो. उद्यम व्यवस्थेत गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे पॅन व जीएसटी यांच्या आधारे प्राप्तिकर आणि जीएसटीच्या साठ्यांतून घेतले जातात. निर्यातीची उलाढाल हिशेबातून वगळली जाते. दुसऱ्या खात्याजवळ असलेली माहिती उद्योजकाकडून पुन्हा न मागता कळीच्या आधारे घेणे, ही संबंधाधिष्ठित विचाराचीच परिणती होय.

व्यवहार : पूर्ण झाला किंवा झालाच नाही

वर्गाचा हा प्रश्न कागदी नाही. सूक्ष्म आणि लघु पुरवठादारास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत आणि विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मिळावे, अशी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाची तरतूद आहे. प्रत्यक्षात मोठ्या ग्राहकाशी व्याजासाठी भांडण्याची ताकद लेथ चालविणाऱ्याकडे क्वचितच असते. यावरचा एक उपाय म्हणजे बिलाची वटवणी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये यासाठी ‘ट्रेड्स’ या मंचाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि पहिला मंच जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाला. पुरवठादार बिल चढवितो, खरेदीदार ते मान्य करतो, वित्तसंस्था बोली लावतात आणि पैसे पुरवठादाराच्या खात्यात जमा होतात.

येथे दोन संकटे संभवतात. बिल ‘विकले गेले’ अशी नोंद झाली, परंतु पैसे जमा होण्यापूर्वी यंत्रणा बंद पडली, हे पहिले. एकाच बिलावर दोन संस्थांनी एकाच क्षणी बोली मंजूर करून घेतली, हे दुसरे. दोन्हींवरील उत्तर ‘ट्रान्झॅक्शन’ या संकल्पनेत आहे. जिम ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मुख्यतः याच कार्यासाठी मिळाले. व्यवहारातील सर्व पायऱ्या पूर्ण व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, ही अखंडता. व्यवहारानंतरही सर्व नियम पाळलेले असावेत, ही सुसंगती. एकाच वेळी चाललेल्या व्यवहारांनी एकमेकांचे अर्धवट काम पाहू नये, हे विलगीकरण. आणि एकदा पक्का झालेला व्यवहार वीज गेली तरी टिकावा, हे स्थायित्व. या चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ॲसिड’ हा शब्द रूढ झाला. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये दिल्लीत सुरू झाले आणि एप्रिल १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे जोडली गेली. दादरच्या आणि चेन्नईच्या खिडक्यांवरून एकच शायिका दोघांना विकली जात नाही ती विलगीकरणामुळेच.

स्थायित्व साधण्याची युक्ती मात्र तलाठ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. खरेदीखत झाले म्हणून तो थेट सातबाऱ्यावर खाडाखोड करीत नाही. आधी फेरफार नोंदवहीत अनुक्रमाने नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, नोंद प्रमाणित होते आणि मगच फेरफार क्रमांकासह सातबारा बदलतो. सातबारा फाटला तरी फेरफारांवरून तो पुन्हा उभा करता येतो. संगणकीय यंत्रणाही आधी ‘लॉग’मध्ये बदल लिहिते आणि नंतर सारणीत, बंद पडून पुन्हा सुरू झाली की पक्के झालेले व्यवहार लॉगवरून पूर्ण करते आणि अर्धवट राहिलेले मागे घेते.

तथापि लॉग आणि सारणी एकाच खोलीत असतील तर ही युक्ती अपुरी पडते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात अंबत्तूर वसाहतीत पाणी शिरले. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी ते पुन्हा शिरले. यंत्रांचे नुकसान विम्याच्या अर्जात लिहिता येते; परंतु जमिनीलगतच्या कपाटातील बिले आणि टेबलाखालच्या संगणकातील येणी-देणी गेली तर विम्याचा दावा सिद्ध करण्याचे साधनही जाते. प्रतिलिपी म्हणजे ‘बॅकअप’ वेगळ्या जागी हवा, आणि तो परत भरून पाहिलेला हवा. दुसरी अट बहुतेक जण विसरतात.

रिक्त चौकट आणि बंद शेड

विदेच्या गुणवत्तेविषयी एक बाब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावी. रिक्त मूल्य म्हणजे शून्य नव्हे. उलाढालीची चौकट रिक्त असेल तर माहिती उपलब्ध नाही, एवढाच अर्थ होतो. तेथे शून्य भरले की सरासरी खाली येते आणि पाहणाऱ्याला उद्योग डबघाईला आल्यासारखे वाटते. एसक्यूएलमध्ये रिक्त मूल्याची कशाशीही तुलना केली तर उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे न येता ‘अज्ञात’ येते, ते याच कारणाने.

नोंदणी आणि पाहणी यांतील भेदही असाच महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीने २०१५-१६ साठी देशात सुमारे ६३३.८८ लाख बिगर-निगमित सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग असल्याचा अंदाज दिला. त्यांपैकी तमिळनाडूत ४९.४८ लाख आणि महाराष्ट्रात ४७.७८ लाख होते. हा नमुन्यावरून काढलेला अंदाज होता आणि त्यात कोठेही नोंद नसलेल्या उद्योगांचाही समावेश होता. नोंदणीचा साठा वेगळ्या रीतीने वाढतो. त्यात ज्याने अर्ज केला तोच दिसतो. शिवाय जुन्या अंबत्तूरकर घटकाजवळ लघुउद्योग नोंदणी, २००६ नंतरचे उद्योजक ज्ञापन, २०१५ नंतरचा उद्योग आधार आणि २०२० नंतरचा उद्यम असे चार क्रमांक असू शकतात. जुन्या-नव्या क्रमांकांना जोडणारी सारणी नसेल तर एकाच लेथचे चार उद्योग होतात.

सुरू होताना नोंदणी केल्यास कर्ज, हमी आणि सवलती मिळतात, म्हणून आरंभाची तारीख बहुधा अचूक असते. बंद होताना कळविण्यात कोणाचाच लाभ नसतो. शेडला कुलूप लागते, यंत्रे विकली जातात, कधी तेथे माहिती तंत्रज्ञानाचे कार्यालय उभे राहते, आणि साठ्यात तो उद्योग पुढची अनेक वर्षे चालूच राहतो. सलग काही तिमाही जीएसटी विवरणे नाहीत आणि वीजवापरही शून्य, अशा नोंदी कळीच्या आधारे जुळवून वेगळ्या काढता येतात. मात्र त्यासाठी वीजग्राहकाच्या नोंदीत पॅन किंवा उद्यम क्रमांक यांपैकी एक तरी स्तंभ असावा लागतो.